चाकोरीबाहेरचे चाक

पावसाची सर येऊन गेली, ऊन पडले आणि रस्ता निम्मा वाळला, की पदपथावर उभे राहून एक गंमत पाहा. रस्त्यात कुठे तरी डबके असतेच. त्या डबक्यातून बाहेर पडून कोरड्या डांबरावर जाणारी प्रत्येक गाडी आपल्या ओल्या चाकांनी रेघा ओढत जाते. सायकल किंवा मोटरसायकल सरळ जात असेल तर रेघ एकच उमटते, कारण मागचे चाक पुढच्या चाकाच्याच वाटेने जाते. मोटारीला चाके चार, पण रेघा दोन. ट्रकला सहा चाके असोत की दहा, पट्टे जरा रुंद उमटतील एवढेच. पण तेही दोनच. आता ऑटोरिक्षा येऊ द्या. तिला चाके तीन आणि रेघाही तीन!

म्हणजे मोटारीपेक्षा एक चाक कमी, पण रस्त्यावर पाऊल टाकण्याच्या जागा मात्र एकाने जास्त. मित्रांनो, ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. रस्त्यात एक दगड पडला आहे असे समजा. मोटारीचा चालक काय करतो? दगड फार उंच नसेल तर तो गाडी अशी नेतो, की दगड दोन्ही बाजूंच्या चाकांच्या मधून पोटाखालून निघून जावा. मोटरसायकलवाला हँडल जरासे कलते करतो आणि दगडाच्या बाजूने निघून जातो. तिनचाकीवाल्याला यांतले एकही धड साधत नाही. दगड मधोमध घ्यावा तर मधले चाक त्यावर चढते. बाजूला काढावा तर दोन चाकांपैकी एक त्यावर चढते. एका दगडाने तीन चाकांपैकी एकाला गाठायचेच, असा जणू नियम आहे.

गाडीवाट, म्हणजे बैलगाड्यांचा कच्चा रस्ता, तुम्ही पाहिला असेल. गाड्या जाऊन जाऊन त्यात दोन खोलगट चर पडतात. त्यांना चाकोऱ्या म्हणतात. चाकोरीतली माती दबून घट्ट होते, खडे बाजूला फेकले जातात. दोन चाकोऱ्यांच्या मध्ये मात्र उंचवटा राहतो आणि सारे दगडगोटे त्यावर जमतात. डांबरी रस्त्यावर चर दिसत नाहीत, पण न दिसणाऱ्या चाकोऱ्या तिथेही असतात. हजारो मोटारी आणि ट्रक त्याच दोन पट्ट्यांवरून जातात आणि ते पट्टे आपोआप झाडून निघतात. खिळे, नट, खडी, काचेचे तुकडे, इंजिनातून ठिबकलेले तेल हे सगळे मधल्या पट्ट्यात नाही तर रस्त्याच्या कडेला साठते. मोटरसायकल शिकवणारे गुरुजी म्हणूनच सांगतात, की मधल्या पट्ट्यातून जाऊ नका. दुचाकी त्यांचे ऐकू शकते. तिनचाकीचे तिसरे चाक मात्र कायमचे चाकोरीबाहेर!

एक पुढे की दोन पुढे?

तिनचाक्यांच्या दोन जाती आहेत. एकीत पुढे एक चाक आणि मागे दोन. आपली ऑटोरिक्षा या जातीची. दुसरीत पुढे दोन आणि मागे एक.

पहिली जात जुनी आहे. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी १८८६ च्या जानेवारीत ज्या मोटारगाडीचे पेटंट घेतले, ती तिनचाकीच होती. चार चाकांची गाडी वळवताना पुढची दोन चाके वेगवेगळ्या कोनांतून फिरावी लागतात. ती यंत्रणा मनासारखी साधेना, म्हणून बेंझ यांनी पुढे एकच चाक बसवले. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा दोन मुलांना बरोबर घेऊन त्या नमुन्याच्या गाडीतून मानहाइमहून फॉर्झहाइमला गेल्या. अंतर सुमारे १०० किलोमीटर आणि रस्ते घोडागाड्यांचे. दोन चाकोऱ्यांच्या मधून धावणाऱ्या त्या पुढच्या चाकाचे काय झाले असेल याची कल्पना तुम्हीच करा.

अमेरिकेत हार्ले डेव्हिडसन कंपनीने १९३२ पासून १९७३ पर्यंत सर्व्ही-कार नावाची अशीच तिनचाकी मोटरसायकल बनवली. ती शहरांतल्या पोलिसांची आवडती होती. इटलीत १९४८ मध्ये पियाज्जो कंपनीने व्हेस्पा स्कूटरवरून मालवाहू तिनचाकी तयार केली आणि तिला आपे हे नाव दिले. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी! आपल्याकडे बजाज कंपनीला दुचाक्या आणि तिनचाक्या बनवण्याचा परवाना १९५९ साली मिळाला आणि पुण्याची ऑटोरिक्षा देशभर धावू लागली.

दुसऱ्या जातीत इंग्लंडची मॉर्गन ही नामांकित. पुढे दोन चाके, मागे एक, अशा मॉर्गन गाड्या पहिल्या महायुद्धाच्या आधीच रस्त्यावर आल्या होत्या. अलीकडचे उदाहरण म्हणजे कॅनडातल्या बॉम्बार्डियर घराण्यातल्या कंपनीने २००७ साली बाजारात आणलेली कॅन-ॲम स्पायडर. तिच्यावर मोटरसायकलसारखे पाय टाकून बसतात, हँडलही तसेच. पण पुढे मोटारीसारखी दोन चाके असल्यामुळे ती वळणावर कलत नाही. अमेरिका आणि कॅनडा या देशांत लांबच्या प्रवासाला निघालेली बरीच मंडळी ती वापरतात. महामार्गावर तिचा वेग ताशी ९० ते १०० किलोमीटर सहज असतो.

आता तिच्या पोटाखालच्या खिडक्या मोजू. तिची रुंदी सुमारे दीड मीटर. पुढचे प्रत्येक टायर १६ सेंटिमीटरांच्या आसपास रुंद आणि मागचे चांगले साडेबावीस सेंटिमीटर. मागचे चाक नसते, तर पुढच्या दोन चाकांच्या मधून जवळजवळ १२० सेंटिमीटरांची खिडकी मोकळी राहिली असती. मागचे चाक मधोमध आल्यामुळे तिचे दोन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा असतो सुमारे ४५ सेंटिमीटरांचा. त्यातून गाडीचे पोट जमिनीपासून वितीच्या निम्मेच उंच. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. या वेगात दगड नेमका डाव्या किंवा उजव्या खिडकीतून काढायचा, म्हणजे धावत धावत सुईत दोरा ओवण्यापैकीच!

शिवाय माणसाची सवय असते. मोटार चालवणारा स्पायडरवर बसला, की समोर काही दिसताच तो ते दोन चाकांच्या मध्ये घेतो. पुढची दोन्ही चाके सुखरूप निघून जातात, त्याला हायसे वाटते, आणि त्याच क्षणी बसलेल्या जागेच्या मागून दणका बसतो. तो दणका खाणारे चाक इंजिनाची शक्ती रस्त्याला देणारे, म्हणजे गाडी ढकलणारे चाक असते.

रिक्षाची गोष्ट उलटी. तिथे एकटे चाक आधी येते आणि चालक बरोबर त्याच्या मागे बसलेला असतो. पुढचे चाक तो सफाईने वाचवतो. मग मागच्या दोघांपैकी एक दगडावर चढते आणि मागे बसलेल्या उताऱ्याचे डोके टपाला लागते. हे तुम्हाला सांगायला नको.

एक मात्र मान्य केले पाहिजे. रस्त्यावर आडवा पडलेला खिळा सहसा पुढच्या चाकात घुसत नाही. पुढचे चाक त्याला उडवते किंवा उभा करते आणि मागून त्याच वाटेने येणाऱ्या चाकात तो शिरतो. सायकलचे मागचे चाक जास्त वेळा पंक्चर होण्याचे हे एक कारण मानतात. तिनचाकीत मागचे चाक पुढच्याच्या वाटेने जात नाही, त्यामुळे ही कुरापत टळते. अर्थात ज्या वाटेने ते जाते ती झाडलेली नसते, हे आपण पाहिलेच.

पाच सेंटिमीटरांचा दगड

चाक दगडावर आदळते तेव्हा नेमके काय होते? थोडा हिशेब करू या.

रिक्षाचे चाक लहान असते. रिमचा व्यास आठ इंच, म्हणजे २० सेंटिमीटर. त्यावर टायर धरून एकूण व्यास ४० सेंटिमीटरांच्या जवळपास. म्हणजे त्रिज्या २० सेंटिमीटर. रस्त्यावर ५ सेंटिमीटर उंचीचा दगड आहे. वहीवर कंपासने वर्तुळ काढा, खाली जमिनीची रेघ ओढा आणि ५ सेंटिमीटर उंचीवर दगडाचा माथा टेकवा. (वहीत मावण्यासाठी सगळी मापे निम्मी घ्या.) पायथागोरसचे प्रमेय वापरले, की कळते, चाकाचा आस दगडाच्या मागे १३ सेंटिमीटर असतानाच चाक दगडाला टेकते. पुढचे १३ सेंटिमीटर जाईपर्यंत आसाने ५ सेंटिमीटर वर चढले पाहिजे.

रिक्षाचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. तेव्हा १३ सेंटिमीटर जायला वेळ लागतो सेकंदाचा सुमारे ७६ वा भाग. एवढ्यात चाक ५ सेंटिमीटर वर जायचे, म्हणजे त्याला सेकंदाला जवळजवळ पावणेचार मीटर असा वर जाण्याचा वेग अचानक मिळाला पाहिजे. एखादी वस्तू सुमारे पाऊण मीटर उंचीवरून खाली पडली तर जमिनीवर आदळताना तिचा वेग एवढाच असतो. म्हणजे जमिनीवरचा तो क्षुल्लक दगड चाकाला पाऊण मीटरावरून आपटल्याइतका ठोसा देतो.

वेग निम्मा करा, ताशी १८ किलोमीटर. वर जाण्याचा वेगही निम्मा होतो. पण पडण्याची उंची मात्र निम्मी होत नाही, ती चौथा हिस्सा होते, म्हणजे अठरा-एकोणीस सेंटिमीटर. वेगाचा वर्ग करावा लागतो, तो इथे असा आडवा येतो. आता स्पायडरचे मागचे चाक घ्या. त्याची त्रिज्या सुमारे ३० सेंटिमीटर आणि वेग ताशी ९० किलोमीटर. तोच ५ सेंटिमीटरांचा दगड. हिशेब तुम्हीच करून पाहा. उत्तर येते जवळजवळ तीन मीटर. घराचा अख्खा एक मजला!

हा हिशेब मुळीच न दबणाऱ्या कडक चाकाचा आहे. खरे चाक तसे नसते, आणि त्यासाठीच तर टायरमध्ये हवा भरतात. दगडावर टायर आत दबते, दगड जणू गिळून टाकते, आणि आस पाच ऐवजी एखादाच सेंटिमीटर वर उचलला जातो. स्कॉटलंडच्या रॉबर्ट टॉमसन यांनी हवेच्या टायरचे पेटंट १८४५ सालीच घेतले होते. पण तेव्हा सायकलीही नव्हत्या आणि मोटारीही नव्हत्या, त्यामुळे लोक ते विसरून गेले. पुढे बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन डनलॉप यांनी १८८७ साली ते पुन्हा शोधून काढले. कशासाठी, माहीत आहे? आपल्या लहान मुलाला खडबडीत दगडी रस्त्यावर चालवताना हादरे बसू नयेत म्हणून. आणि त्या मुलाचे वाहन होते तीन चाकांची सायकल!

चाक मोठे असले तर ठोसा सौम्य होतो, हेही या हिशेबातून दिसते. बैलगाडीच्या चाकाची त्रिज्या ७० सेंटिमीटर धरली तर ५ सेंटिमीटर चढायला त्याला २६ सेंटिमीटरांची वाट मिळते. रिक्षाच्या चाकाला मिळाली होती त्याच्या दुप्पट. आपल्या सुतारांनी पायथागोरस वाचला नसेल, पण खाचखळग्यांच्या वाटेवर लोखंडी धाव चढवलेले मोठे चाकच चालते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. लहान चाकाचे फायदे वेगळे. गाडी बुटकी होते, चाक हलके आणि स्वस्त पडते, आणि अडचणीच्या जागी वळायला सोपे जाते. त्याची किंमत खड्ड्यात आणि दगडावर मोजावी लागते.

टायर हरले की रिमची पाळी

टायरच्या दबण्याला मर्यादा आहे. दगड फार उंच किंवा टोकदार असला, वेग जास्त असला, किंवा टायरमध्ये हवा कमी असली, तर टायर पुरते चेपते आणि त्याच्या भिंती रिमची कड आणि दगड यांच्यामध्ये सापडतात. दाराच्या फटीत बोट सापडावे तसे. ट्यूब असेल तर तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. सायकलवाले याला साप चावला म्हणतात, कारण खुणा सापाच्या दोन दातांसारख्या दिसतात. पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवली आणि बुडबुड्यांच्या दोन माळा एकदम निघाल्या, तर खिळा शोधण्यात वेळ घालवू नये. गुन्हेगार दगड किंवा खड्डा आहे.

टायरच्या आत दोऱ्यांचे थर असतात. चेपल्यावर ते दोरे तुटले आणि वरचे रबर मात्र फाटले नाही, तर त्या जागी टायरला फुगा येतो. हवेचा दाब पेलण्याचे काम रबराचे नव्हेच, ते दोऱ्यांचे. दोरे गेले, की उरते ते नुसते कातडे. असा फुगा कधी फुटेल ते सांगता येत नाही. असे टायर चालवू नये.

यानंतर पाळी येते रिमची. इथे कोणत्या धातूचे आणि कशा घडणीचे चाक आहे, यावर सारे अवलंबून असते.

तुमच्या सायकलचे चाक बारीक पोलादी आऱ्यांचे असते. प्रत्येक आरा सतारीच्या तारेसारखा ताणून बसवलेला असतो. दणका बसला तर रिम थोडी वाकते, चाक डुलू लागते. मेकॅनिक म्हणतो, ‘चाकाला आऊट आलाय.’ मग तो काही आरे आवळतो, काही सैल करतो आणि आऊट काढतो. दुरुस्तीची एवढी सोय दुसऱ्या कोणत्याही चाकात नाही.

रिक्षाची रिम पोलादी पत्र्याची. आपल्या साध्या रिक्षाची आठ इंची रिम म्हणजे दोन खोलगट ताटल्या पाठीला पाठ लावून नट-बोल्टांनी आवळलेल्या असाव्यात तशी. ही युक्ती व्हेस्पाची, आणि व्हेस्पाची रचना करणारे कोराडिनो दास्कानिओ हे मूळचे विमान-अभियंता होते. आख न सोडता चार-पाच नट काढायचे, की चाक हातात. तिन्ही चाके सारखी, त्यामुळे एक जादा चाक बरोबर ठेवले की ते कुठेही बसते. टायर बदलायचे तर दोन ताटल्या वेगळ्या करायच्या. मात्र आधी हवा पूर्ण सोडलीच पाहिजे. आत हवा भरलेली असताना त्या ताटल्यांचे नट सोडले तर त्या तोफेसारख्या उडतात.

पोलादी पत्रा दणका बसला की वाकतो. वाकणे हा दोष वाटतो ना? खरे तर तो मोठा गुण आहे. घरात तीन वस्तू घ्या: प्लॅस्टिकची पट्टी, तांब्याची तार आणि खडू. पट्टी थोडी वाकवून सोडा, ती पुन्हा सरळ होते. ही स्थितिस्थापकता. तार वाकवा, ती वाकलेलीच राहते. तिने स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडली, पण ती मोडली नाही. खडू वाकवायला जा, तो सरळ मोडतो. पोलादी पत्रा तारेच्या वाटेने जातो. वाकताना तो दणक्याची पुष्कळ ऊर्जा पोटात घालतो, आणि वाकला आहे हे सर्वांना उघड दिसते. रिक्षावाला कडेला थांबतो, कुणी हातोडीने ठोकून कड सरळ करून देतो आणि दुपारचे भाडे बुडत नाही.

स्पायडरसारख्या गाड्यांची चाके ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, साच्यात ओतून केलेली. अशा चाकांसाठी ॲल्युमिनियममध्ये बहुधा शेकडा सातच्या आसपास सिलिकॉन आणि थोडे मॅग्नेशियम घालतात. ही चाके दिसायला देखणी आणि मजबूत. चाक जितके हलके तितके स्प्रिंगला ते रस्त्याला टेकवून ठेवणे सोपे जाते, म्हणून हलके चाक चांगले. पण ओतीव धातू पत्र्याइतका वाकत नाही. थोडासा दबतो, आणि त्यापुढे खडूच्या वाटेला लागतो. म्हणजे तडा जातो.

न दिसणारा तडा

सगळ्यांत मोठा धोका मोडलेल्या चाकाचा नसून न मोडलेल्या चाकाचा असतो. हे वाक्य उलटे वाटेल, म्हणून नीट पाहू.

महामार्गावर ट्रकच्या फाटलेल्या टायरचा पट्टा पडलेला होता, तिनचाकीचे मागचे चाक त्यावरून गेले, एक दणका बसला. चालकाने गाडी थांबवली. टायर फुगलेले आहे, चाक गोल दिसते आहे. तो पुढे निघाला. पण रिमच्या आतल्या कडेला, गाडीखाली वाकल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, केसासारखा तडा आहे. आता गणित करा. चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर, तर घेर सुमारे १.९ मीटर. एका किलोमीटरात चाक ५३० वेळा फिरते, १०० किलोमीटरांत ५३ हजार वेळा. प्रत्येक फेऱ्यात तो तडा एकदा गाडीच्या वजनाखाली येतो आणि एकदा मोकळा होतो. म्हणजे ५३ हजार वेळा तो किंचित ताणला जातो आणि किंचित मिटतो. तांब्याची तार हाताने तोडता येत नाही, पण इकडून तिकडे दहा-वीस वेळा वाकवली की ती आपण तोडतो. धातूच्या या दुखण्याला थकवा म्हणतात, आणि धातूला विश्रांती दिली तरी हा थकवा उतरत नाही.

दुसरी चोरवाट हवेची. आजकालच्या बहुतेक मिश्रधातूच्या चाकांत ट्यूब नसते. टायरची जाड कड रिमच्या काठाला घट्ट दाबून बसते आणि तेवढ्यावरच हवा कोंडलेली राहते. त्या काठाला एवढीशी चेप आली, तरी हवा हळूहळू झिरपू लागते. हवा कमी झाली, की टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त चेपते. जास्त चेपले की तापते. तापले की रबर आणि दोरे यांची सोबत सुटू लागते. दुपारी बसलेल्या दणक्याचा परिणाम संध्याकाळी, भलत्याच गावी दिसतो आणि चालकाला दुपारचा दगड आठवतही नाही.

दुचाकीचे चाक असे अचानक गेले तर ती आडवी होण्याची भीती असते. तिनचाकी त्या मानाने उभी राहते. पण तिचे मागचे एकुलते चाक बसले, तर गाडीचे शेपूट डावीउजवीकडे हेलकावे खाते आणि ते सावरायला मागे दुसरे चाक नसते.

मग दगड चुकवावा हेच बरे, असे तुम्ही म्हणाल. वेग कमी असेल तर जरूर चुकवावा. पण वेगात अचानक हँडल मारणे हे दगडापेक्षा घातक ठरू शकते. तिनचाकीची तीन चाके जमिनीवर जिथे टेकतात ते बिंदू जोडले तर त्रिकोण होतो. गाडीचा गुरुत्वमध्य या त्रिकोणाच्या वर असतो, आणि वळताना किंवा ब्रेक लावताना त्याचा भार जिकडे झुकतो ती जागा त्रिकोणात राहिली तरच गाडी उभी राहते. रिक्षाच्या त्रिकोणाचे टोक पुढे आहे. ब्रेक लावून वळवले, की भार पुढे आणि बाजूला झुकतो, म्हणजे नेमका जिथे त्रिकोण अरुंद आहे तिकडे. म्हणून रिक्षा कलंडते. स्पायडरचा रुंद पाया पुढे आहे, त्यामुळे ब्रेक लावल्यावर भार रुंद बाजूकडे जातो. दोन पुढे, एक मागे या मांडणीची ही मोठी जमेची बाजू. शिवाय गाडी घसरू किंवा कलंडू लागली तर इंजिनाची शक्ती कमी करून चाकांचे ब्रेक आपोआप लावणारी संगणकी योजनाही तिच्यात आहे. तरीही अमेरिकेतल्या ‘ए.ए.ए.’ या मोटारचालक संघाच्या सुरक्षा-प्रतिष्ठानाने २०१६ साली जो अहवाल दिला, त्यातला एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. रस्त्यावर पडलेल्या वस्तूंमुळे २०११ ते २०१४ या चार वर्षांत तिकडे २ लाखांहून अधिक अपघात झाले आणि ५०० हून अधिक माणसे दगावली. त्यांतले शेकडा ३७ मृत्यू वस्तूवर आदळल्यामुळे झाले नव्हते. ती चुकवायला गाडी अचानक वळवल्यामुळे झाले होते.

म्हणून जाणते चालक सांगतात: नजर लांब ठेवा, पुढच्या ट्रकच्या शेपटाला चिकटू नका, आणि आदळणे अटळच असेल तर आधी ब्रेक लावून वेग उतरवा, हँडल सरळ धरा आणि आदळण्याच्या ऐन क्षणी ब्रेक सोडा. ब्रेक लावलेला असताना गाडीचा भार पुढच्या चाकांवर आलेला असतो आणि स्प्रिंगा आधीच दबलेल्या असतात, मग दणका झेलायला त्यांना जागा उरत नाही. वेग निम्मा झाला तर ठोसा चौथाई होतो, हे गणित आपण मघाशी केलेच आहे.

रस्त्यावर या वस्तू येतात कुठून? त्याच अहवालाप्रमाणे यांतल्या सुमारे दोन तृतीयांश अपघातांत वस्तू दुसऱ्या गाडीतूनच पडलेली होती. नीट न बांधलेला माल आणि निगा न राखलेले भाग. आपल्याकडे आणखी एक नमुना पाहायला मिळतो. घाटात ट्रक बंद पडतो, तो मागे घसरू नये म्हणून क्लीनर चाकांखाली मोठे दगड लावतो, गाडी दुरुस्त होते आणि ट्रक निघून जातो. दगड तिथेच राहतात. चाकाला अडवण्यासाठीच निवडून आणलेले ते दगड, रात्री मागून येणाऱ्या रिक्षाच्या दिव्यात वेळेवर दिसतातच असे नाही.

असा एखादा तुकडा किती अनर्थ करू शकतो, हे २५ जुलै २००० रोजी पॅरिसमध्ये साऱ्या जगाला दिसले. आधी उडालेल्या एका विमानाची धातूची पट्टी धावपट्टीवर पडली होती. लांबी अर्ध्या मीटरहूनही कमी. काँकॉर्ड विमानाचे चाक पूर्ण वेगात तिच्यावरून गेले, टायर फाटले, त्याचा मोठा तुकडा पंखाच्या खालच्या बाजूवर आदळला, इंधनाची टाकी फुटली आणि विमान पेटले. विमानातले १०९ आणि जमिनीवरचे ४ लोक मृत्युमुखी पडले. विमानतळावर धावपट्टीची रोज अनेकदा पाहणी करून खिळा-खडा वेचतात, तो यासाठीच.

रस्त्याची अशी पाहणी होत नाही, म्हणून चाकाची करावी लागते. चाक दगडावर किंवा खड्ड्यात जोराने आपटले, की हवा तपासावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावी. टायर जिथे रिमला भेटते तिथे सगळीकडून साबणाचे पाणी लावावे. हवा झिरपत असेल तर फेस फुगू लागतो. रिमच्या आतल्या बाजूवरून, चाक थांबलेले आणि थंड असताना, बोट फिरवावे. डोळ्याला न दिसणारी चेप बोटाला लागते. टायरच्या भिंतीवर फुगा आहे का, तो दोन्ही बाजूंनी पाहावा. मिश्रधातूच्या रिमला तडा दिसला तर मात्र हातोडी चालत नाही. ते चाक बदलायचेच.

आणि आऊट पाहायचा असेल तर तुमच्या सायकलवरच शिका. सायकल उलटी करून सीट आणि हँडल यांवर उभी करा. चाक हळू फिरवा आणि पंजाला हात टेकून खडूचे टोक रिमच्या जवळ, अगदी लागेल न लागेल असे धरा. खडूची रेघ सगळीकडे सारखी उमटली तर रिम सरळ आहे. एकाच भागात उमटली तर तिथे आऊट आहे. चाक दुकानात घेऊन जा आणि मेकॅनिक आऊट काढत असेल तेव्हा शेजारी उभे राहून पाहा, तो कोणत्या बाजूचे आरे आवळतो आणि कोणत्या बाजूचे सैल करतो.